बटण कोणाच्या हाती?

शाळेत औद्योगिक क्रांती शिकवताना एक वाक्य ठरलेले असे: वाफेच्या यंत्राने कारागिराला घरातून उठवून कारखान्यात नेले. परीक्षेला तेवढे पुरे होई. पण माणसाला शक्तीकडे नेण्याऐवजी शक्तीच माणसाच्या घरी आणावी, असेही प्रयत्न झाले. त्यांची हकीकत मला अधिक जवळची वाटते.

इंग्लंडमधले कोव्हेंट्री हे रेशमी फितींचे गाव. तिथल्या विणकरांना कारखान्याची शिस्त नको होती. १८५७ साली जॉन आणि जोसेफ कॅश या भावांनी त्यांच्यासाठी घरांच्या ओळी बांधायला घेतल्या. खाली बिऱ्हाड, माडीवर माग. आवारात एक वाफेचे इंजिन, आणि त्याने फिरणारा दांडा भिंतींतून आरपार सगळ्यांच्या माडीवर गेलेला. त्यावर पट्टा चढवला की माग सुरू! १०० घरे योजली होती, झाली ४८. पुढे १८६०च्या करारानंतर फ्रेंच फिती बिनजकात येऊ लागल्या आणि कोव्हेंट्रीचा धंदा बसला. पण दांड्याची अडचण मुळातलीच होती. इंजिन चालेल तेवढा वेळच माग चालणार. एकट्याच्या मागासाठी सगळा दांडा कोण फिरवणार? घर विणकराचे, वेळ इंजिनाची!

ही अडचण विजेच्या तारेने सोडवली. फ्रान्समधले सेंत-एतिएन हेही फितींचेच गाव. १८९०च्या दशकापासून तिथल्या विणकरांच्या घरी वीज पोचू लागली. ज्याच्या त्याच्या मागाला मोटर, बटण ज्याच्या त्याच्या हाती. शेजारचा माग बंद असला तरी आपला चालतो.

आपल्याकडे इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली आणला. पुढे वीज गल्लीबोळांत पोचली, तसे घराच्या सोप्यात, परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन-दोन, चार-चार माग बसले. आमच्या एका नातलगांकडे बायका कांड्या भरत आणि लेकरे त्या खडखडाटात गाढ झोपत. वीज गेली, शांतता झाली, की ती दचकून उठायची!

पण बटण हाती आले म्हणून वेळ हाती आली का? खर्चीवाल्या मागवाल्याचे सूत व्यापाऱ्याचे, मजुरीचा दरही त्याच्याशी बांधलेला. दर उतरला की तेवढ्याच पैशांसाठी माग जास्त तास चालवायचा. मोटर दमत नाही, माणूस दमतो. कारखान्याचा भोंगा जाच खराच, पण तो सुटीचाही वाजतो. घरच्या मागाला भोंगाच नाही.

आता आपल्याच घरांतली मुले घरी बसून कंप्युटरवर नोकरी करतात. प्रवास वाचतो, आईबापांजवळ राहता येते, चांगलेच आहे. मात्र रात्री अकराला त्यांचा फोन वाजला आणि ती ताटावरून उठली, की मला ते परसातले माग आठवतात. मुलांनो, काम घरी आणलेत, तसा सुटीचा भोंगाही आणा.