पॉइंट गेले, ठिणगी राहिली

कुर्ल्याच्या कारखान्यात वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने बनवलेली पद्मिनी मोटार दीर्घकाळ टिकली, ती दुरुस्ती सोपी म्हणून, असे सांगतात. ते खरे आहे, पण अर्धेच. चार सिलिंडरचे हे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेते तेव्हा डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी प्रवाह तोडणारे संपर्क, सेकंदाला शंभरदा उघडतात. दर वेळी ते थोडे जळतात, अर्ध्या मिलिमीटरहून कमी असलेली फट बदलते आणि ठिणगीची वेळ ढळते. फीलर गेज आणि पॉलिश पेपर हाताशी असलेला मिस्त्री हा दोष दूर करी, पण दोष पुन्हा येईच. अमेरिकी अभियंता केटरिंगने 1910च्या सुमारास रूढ केलेल्या या पद्धतीची ही अंगभूत मर्यादा होती. पॉइंटच्या जागी चुंबकीय सेन्सर बसवला की घासणारा, जळणारा भागच उरत नाही.

या बदलावर आक्षेप दोन. गाडीचे अस्सलपण जाते, हा पहिला. 2021च्या केंद्रीय नियमांत पन्नास वर्षांवरील व्हिंटेज वाहन मूळ रूपात असावे असे म्हटले आहे, म्हणून तो हलका नाही. मात्र सेन्सर डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाखाली मावतो आणि काढताही येतो. क्रँकवर दातेरी चाक बसवून संगणकाकडे सारे सोपवणे ही वेगळी गोष्ट, ती मला जुन्या गाडीत अनाठायी वाटते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: पॉइंट कुरकुरत बिघडतात, सेन्सरचे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल एकदम बंद पडते. अंबड तालुक्यातल्या अंकुशनगरसारख्या गावी ते लगेच मिळेलच असे नाही. म्हणून काढलेले पॉइंट आणि कंडेन्सर फेकू नका, डिकीत ठेवा.