आधी शेतं जाळली, मग शाळा दिली : नवाहो मुलांच्या ताटाचा इतिहास

पोस्ट थोडी मोठी आहे. पण शाळेतल्या परसबागेला आपण फार हलक्यात घेतो, म्हणून लिहितोय.

अमेरिकेत नवाहो आदिवासींच्या जत्रेत गेलं की ‘फ्राय ब्रेड’ हमखास दिसतो. मैद्याची जाड, टम्म फुगलेली, तळलेली भाकरी. आपल्या भटुऱ्याची बहीणच म्हणा. पर्यटक तो ‘पारंपरिक आदिवासी पदार्थ’ म्हणून आवडीने खातात. नवाहो लोक मात्र त्याची वेगळी गोष्ट सांगतात. हा पदार्थ त्यांच्या शेतातून आलेला नाही. तो कैदेतल्या रेशनमधून आला.

हे लोक स्वतःला ‘दिने’ म्हणवतात, म्हणजे ‘माणसं’. अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत त्यांचा मुलूख पसरलाय. सुमारे ७० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मराठवाड्यापेक्षा थोडा मोठाच. पाऊस बेताचा, माती रेताड. तरी पिढ्यान्‌पिढ्या तिथे शेती होत होती. टोकदार काठीने जमीन खोल उकरायची आणि ओल लागेल तिथे मक्याचे दाणे टाकायचे. सोबत शेंगा आणि भोपळा. निळ्या मक्याच्या पिठाची घाटीसारखी पेज करताना त्यात जुनिपर झाडाची राख घालायची. ही नुसती रीत नव्हती. त्या राखेत भरपूर कॅल्शियम असतं, हे पुढे प्रयोगशाळेत तपासूनही दिसलं. दूध फारसं नसलेल्या आहारात हाडांची काळजी आजीच्या चुलीनेच घेतली होती!

मग १८६३ साल उजाडलं. जनरल जेम्स कार्लटनच्या हुकुमावरून किट कार्सन फौज घेऊन आला. लढाईपेक्षा त्याने पोटावर मारा केला. उभा मका जाळला, धान्याचे साठे लुटले, जनावरं मारली किंवा हाकून नेली. कॅन्यन द शे नावाच्या दरीत दिने लोकांच्या पीचच्या बागा होत्या. १८६४ मध्ये सैनिकांनी ती हजारो झाडं तोडून टाकली. उपाशी माणसं शरण आली.

त्यांना शेकडो किलोमीटर चालवत न्यू मेक्सिकोतल्या बॉस्क रेडोंडो इथे नेलं. या पायपिटीला इतिहासात ‘लाँग वॉक’ म्हणतात. आठ-नऊ हजार माणसं तिथे कोंडली गेली. पेकोस नदीचं पाणी खारट, मक्यावर अळी पडलेली, सरपण नाही. रेशनला मैदा, खारवलेलं डुकराचं मांस आणि कॉफीच्या बिया. या बियांचं करायचं काय, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. लोकांनी त्या शेंगांसारख्या शिजवून खाऊन पाहिल्याच्या आठवणी दिने घरांत अजून सांगतात. चार वर्षांत दोन हजारांहून जास्त माणसं दगावली असं मानलं जातं.

१ जून १८६८ रोजी तह झाला आणि लोकांना आपल्या मुलखात परत जाऊ दिलं. त्या कागदातली दोन कलमं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. एक : ६ ते १६ वयाच्या मुलांना शाळेत पाठवायचं, आणि सरकार दर ३० मुलांमागे एक शिक्षक देणार. दुसरं : शेती करायला तयार असलेल्या कुटुंबप्रमुखाला बियाणं आणि अवजारं मिळणार, पहिल्या वर्षी १०० डॉलरपर्यंतची. शाळा आणि बियाणं एकाच कागदावर, शेजारी-शेजारी!

प्रत्यक्षात शाळा आली ती मुलांना घरापासून तोडायला. निवासी शाळांमध्ये केस कापले, नावं बदलली, मातृभाषा बोललं की शिक्षा. गंमत म्हणजे शेती तेव्हाही शाळेत होती. पण ती मुलांकडून राबवून घेण्यासाठी. अर्धा दिवस वर्ग, अर्धा दिवस शेतात, स्वयंपाकघरात नाहीतर धुलाईखान्यात. १९२८ च्या मेरियम अहवालाने या शाळांचं पितळ उघडं पाडलं. एका मुलाच्या दिवसभराच्या जेवणावर सरासरी जेमतेम ११ सेंट खर्च होत होते. म्हणजे नुसती बाग असून भागत नाही. ती कुणाची आणि कशासाठी, हा खरा प्रश्न.

पुढचा घाव १९३० च्या दशकात. तहानंतर मिळालेल्या मेंढ्यांवर लोकांनी पुन्हा संसार उभा केला होता. पण चराईने जमीन धुपतेय, गाळ नव्या धरणात जाईल, असं म्हणत सरकारने कळप कमी करायचा हुकूम काढला. इंडियन अफेअर्स खात्याचे आयुक्त होते जॉन कॉलियर. कितीतरी शेळ्या-मेंढ्या गोळ्या घालून तिथेच सडत टाकल्या. शेळ्या बहुतेक बायकांच्या मालकीच्या. घरातलं दूध गेलं, मांस गेलं आणि बाईच्या हातातली पुंजीही गेली.

ती पोकळी भरून काढली सरकारी धान्याने आणि डबाबंद खाण्याने. मैदा, चरबी, चीज, डब्यातलं मांस. त्यात १९४४ ते १९८६ या काळात युरेनियमच्या खाणी चालल्या. आज ५०० हून अधिक बंद खाणी तशाच पडून आहेत आणि अनेक विहिरींचं पाणी पिण्याजोगं नाही. जवळपास तीसेक टक्के घरांत नळ नाही, ड्रमने पाणी आणावं लागतं. एवढ्या मोठ्या मुलखात भाजीपाला मिळणारी मोठी दुकानं जेमतेम डझनभर. बाकी पेट्रोलपंपावरचं दुकान, तिथे चिप्स आणि सोडा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या लोकांत मधुमेह क्वचित दिसायचा. आज साधारण पाच प्रौढांमागे एकाला आहे. याला ‘खाण्याच्या वाईट सवयी’ म्हणून मोकळं होणारे लोक वरचा इतिहास वाचत नाहीत.

पण दिने लोक रडत बसले नाहीत. २०१४ मध्ये त्यांच्या स्वतःच्या सरकारने कायदा केला. जंक फूडवर २ टक्के जादा कर, आणि ताजी फळं-भाजी विक्रीकरातून मुक्त. अमेरिकेत असा कर लावणारे हे पहिलेच. अध्यक्षांनी आधी नकाराधिकार वापरला होता. कार्यकर्त्यांनी पाठपुरावा सोडला नाही, तेव्हा सही झाली. कराचा पैसा ‘चॅप्टर’कडे जातो, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या ११० स्थानिक संस्थांकडे. त्यातून व्यायामाचे वर्ग, भाजीच्या बागा, हरितगृहं असली कामं होतात.

आणि आता शाळा. फ्लॅगस्टाफ शहराजवळची स्टार स्कूल सूर्य आणि वाऱ्याच्या विजेवर चालते. तिथे मुलं हरितगृहात भाजी पिकवतात. ‘यीगो’ नावाच्या उपक्रमात संशोधकांनी प्राथमिक शाळांत बागा उभ्या केल्या आणि मुलांसोबत घरच्यांनाही खाण्यापिण्याच्या शिक्षणात ओढलं. यीगो म्हणजे ‘जोर लाव’. मध्येच करोनाने शाळा बंद पडल्या. मे २०२० मध्ये लोकसंख्येच्या मानाने नवाहो मुलखातला संसर्ग न्यूयॉर्क राज्याच्याही पुढे गेला होता.

अडचणी अगदी आपल्यासारख्या. पाणी कुठून आणायचं? उंचावरचा मुलूख, मे महिन्यातही दहिवर पडतं. आणि रोपं जोमात येतात तेव्हाच शाळेला उन्हाळी सुट्टी! म्हणून हरितगृह लागतं, सुट्टीत पाणी घालायला पालक लागतात, आणि बी कधी पेरायचं हे सांगायला आजी लागते. ज्या शाळेने एकेकाळी आजीची भाषा तोंडातून काढून घेतली, तिथे आता आजीला सन्मानाने बोलवावं लागतं. मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.

आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना १९७२ चा दुष्काळ विचारा. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी आणि सुकडी त्यांना अजून आठवते. त्याने जीव वाचले, हे खरंच. पण दुसऱ्याच्या उरलेल्या धान्यावर जगणं काय असतं, तेही त्या पिढीला कळलं.

आता शालेय पोषण आहारात परसबागेचा आग्रह आहे. कुठे ती झकास फुलते, कुठे तपासणीपुरती चार मेथीच्या वाफ्यांवर उरकते. तुमच्या गावच्या शाळेत एकदा डोकावून या. मे महिन्यात पाणी कोण घालतं, बी कुठून आणलं आणि पिकलेली भाजी मुलांच्या ताटात पडते का, एवढे तीनच प्रश्न विचारा. उत्तरं काय मिळाली, ते इथे लिहा.