पडद्यावरील मराठी मजकुराची वाचनीयता

संगणक, भ्रमणध्वनी इत्यादी उपकरणांवर देवनागरीत दिसणारा मराठी मजकूर वाचकाला किती सहज व अचूक वाचता येतो आणि त्याचा अर्थ कितपत कळतो, यास पडद्यावरील मराठी मजकुराची वाचनीयता म्हणतात. टंक, अक्षरांचा आकार, ओळींमधील अंतर, रंगभेद आणि मजकुराची विभागणी यांवर ती अवलंबून असते. मराठीत सदोष मांडणीमुळे वाचन केवळ कष्टाचे होत नाही, तर काही वेळा शब्दाचा अर्थही बदलतो.

पार्श्वभूमी

युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश होता. तरीही त्यानंतर अनेक वर्षे बरीच मराठी संकेतस्थळे रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसवलेले टंक वापरत असत. असा टंक वाचकाच्या संगणकावर नसल्यास मजकुराऐवजी निरर्थक रोमन अक्षरे दिसत आणि शोधयंत्रांनाही तो मजकूर मराठी म्हणून ओळखता येत नसे. र. कृ. जोशी यांनी आरेखित केलेला 'मंगल' हा युनिकोड टंक मायक्रोसॉफ्ट विंडोजसोबत मिळू लागल्यावर वेगळा टंक न बसवताही मराठी वाचणे शक्य झाले.

अक्षरवळणे व अर्थभेद

'दर्या' म्हणजे समुद्र, तर 'दऱ्या' हे 'दरी'चे अनेकवचन. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांतील भेदही केवळ रफार व अर्ध्या 'ऱ' च्या चिन्हावर अवलंबून आहे. टंकात हे चिन्ह नसल्यास किंवा ते अस्पष्ट दिसल्यास वाचकाला संदर्भावरून अर्थ लावावा लागतो. हे चिन्ह युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकित करता येते. त्यामुळे सारखे दिसणारे दोन शब्द शोधताना वेगळे ठरू शकतात.

महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाद्वारे मराठीची वर्णमाला प्रमाणित केली. मराठीत पाकळीयुक्त 'ल' व देठयुक्त 'श' ही वळणे रूढ आहेत. संकेतपानाची भाषा मराठी म्हणून नोंदवल्यास काही टंक ही वळणे आपोआप दाखवतात.

मांडणीचे घटक

* ओळींमधील अंतर: मात्रा व रफार शिरोरेषेच्या वर, तर उकार अक्षराखाली येतात. अंतर अपुरे असल्यास ही चिन्हे लगतच्या ओळींना भिडतात.
* अक्षरांमधील अंतर: ते वाढवल्यास शिरोरेषा तुटते व शब्दाची एकसंध आकृती हरवते.
* रंगभेद: 'डब्ल्यूसीएजी' या सुगम्यता निर्देशांच्या 'एए' स्तरानुसार सामान्य आकाराचा मजकूर व पार्श्वभूमी यांत किमान ४.५:१ रंगभेद आवश्यक असतो.
* शीर्षके व दुवे: नाशिक जिल्ह्यातील ओझर विमाननिर्मिती कारखान्यासाठी, तर पुणे जिल्ह्यातील ओझर अष्टविनायकांपैकी विघ्नहर गणपतीसाठी प्रसिद्ध आहे. नुसते 'ओझर' असे लिहिलेल्या दुव्यावरून वाचक चुकीच्या पानावर जाऊ शकतो. कंसात जिल्ह्याचे नाव दिल्यास ही संदिग्धता टळते.

आकलनावरील परिणाम

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५४ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात पडद्यापेक्षा कागदावरील वाचनात आकलन अधिक चांगले आढळले. वेळेचे बंधन असताना आणि माहितीपर मजकुरात हा फरक ठळक होता. केवळ कथात्मक मजकुरात तो दिसला नाही. हे विश्लेषण विशेषतः देवनागरीविषयी नव्हते. तथापि, पाठ्यसामग्री बहुतांशी माहितीपर असल्याने विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा निष्कर्ष महत्त्वाचा ठरतो.

हेही पाहा

* देवनागरी
* युनिकोड
* मराठी शुद्धलेखन