वॉल गेला, ट्रांझिस्टर आला

आमच्या खेड-चाकण भागात जुनी माणसं काळ सांगताना सन सांगत नाहीत. ‘कंपन्या यायच्या आधी’ आणि ‘कंपन्या आल्यावर’ असे दोनच भाग करतात. घरातल्या आवाजाचेही तसेच दोन काळ झाले. आधी व्हॉल्व्हचा रेडिओ, मग ट्रांझिस्टरचा. व्हॉल्व्हला आमच्याकडं सगळे ‘वॉल’च म्हणायचे.

पुण्याचं आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, गीतरामायण लागलं. गदिमांची छप्पन्न गीतं, बाबूजींच्या चाली, वर्षभर दर आठवड्याला. ज्याच्या घरी रेडिओ त्याच्या ओट्यावर गाव जमायचं. माझा जन्म नंतरचा, पण वडील सांगायचे की बायामाणसं रेडिओला हार घालून हात जोडायची. हे सगळं ऐकलं ते वॉलच्या रेडिओवर, कारण तेव्हा घरात दुसरा रेडिओ नव्हताच.

पुढच्याच वर्षी, १९५६ ला, युनेस्कोच्या मदतीनं पुणे केंद्रानं एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतेमंडळं काढली. सगळ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर बोलायचं आणि पटलं तर शेतात करून बघायचं. पुढं देशभर अशी मंडळं निघाली, त्याची सुरुवात आपल्या मुलखातली.

आता वॉल म्हंजे काय, ते शेतकऱ्याला एका वाक्यात कळतं. रात्री उसाला पाणी देताना आपण दारं धरतो. खोऱ्यानं थोडी माती इकडची तिकडं केली की पाटाचं सगळं पाणी वळतं. ताकद पाण्याची, हुकूम खोऱ्याचा. वॉलमध्ये तेच. हवा काढून घेतलेली काचेची नळी, आत तापलेली तार. तापली की तिच्यातून विजेचे कण सुटतात. मधे एक जाळी. एरियलवरून आलेला बारीक इशारा त्या जाळीवर येतो आणि मोठ्या प्रवाहाला वळण लावतो. म्हणून मुंगीएवढा आवाज सोपाभर होतो.

पण तार तापल्याशिवाय काही नाही. बटण फिरवल्यावर अर्धा मिनिट थांबायचं. मग आतून लालसर उजेड, तापलेल्या धुळीचा वास आणि हळूहळू वर येणारा आवाज. काही रेडिओंना हिरवा डोळा असायचा, स्टेशन बरोबर लागलं की तो मिटायचा.

गावाला हे परवडणारं नव्हतं. वॉलला जास्त दाबाची वीज लागते. जिथं तारा आल्या नव्हत्या तिथं नव्वद व्होल्टची जाडजूड बॅटरी लागायची. ती संपली की रेडिओवर कापड टाकून ठेवायचं, पैसे येईपर्यंत. तारा आल्या तरी संध्याकाळी सगळ्यांच्या विहिरीवरच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडायचं आणि बातम्या देणारा माणूस आजारी असल्यासारखा बोलायचा. वर पोस्टात जाऊन दरसाल परवान्याचे पैसे भरायचे. तो परवाना ऐंशीच्या दशकात सुटला.

ट्रांझिस्टरचा शोध डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत लागला. शोध लावणाऱ्या तिघांना १९५६ चं नोबेल मिळालं. दारं धरायचं काम तेच, पण इथं तार तापवायची नाही, काचेची नळी नाही. जर्मेनियमचा डाळीएवढा तुकडा, त्यातूनच प्रवाह जातो. चार-सहा सेलांवर रेडिओ बोलायला लागला. पुढं डब्यांवर ‘सॉलिड स्टेट’ असं लिहून यायला लागलं. त्याचा अर्थ घन पदार्थातून चालणारा. आमच्या गावानं अर्थ घेतला भक्कम. तोही खोटा नव्हता.

आपल्या देशात दोन्ही गोष्टी एकदमच दाराशी आल्या. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं १९६१ ला रेडिओचे वॉल करायला घेतले आणि १९६२ ला जर्मेनियमचे ट्रांझिस्टर. फिलिप्सनं पुण्याजवळ १९५९ ला रेडिओचा कारखाना काढला होता, १९७० ला पिंपरीत आणखी एक. त्याच साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली. ज्या रानात ज्वारी उभी राहायची तिथं रेडिओ जुळायला लागले. सायकलीवर शिफ्टला जाणारी आमच्या भावकीतली पोरं पगारातून पहिली वस्तू आणायची ती ट्रांझिस्टर, कातड्याच्या खोळीसकट.

आमच्या घरी वॉलचा रेडिओ सोप्यात आजोबांच्या डोक्यावरच्या फळीवर होता. बटणाला हात फक्त त्यांचा. पुरुषमाणसं पुढं बसायची, आई आणि चुलत्या माजघराच्या दाराआडून ऐकायच्या. चुलत्यांनी ट्रांझिस्टर आणला आणि महिन्याभरात तो कांद्याच्या वाफ्यात गेला. लागणीला वाकलेल्या बाया, बांधावर रेडिओ. आई पहिल्यांदा स्वतःच्या हातानं स्टेशन लावताना मी तिथंच बघितली. आजोबा म्हणाले, “आता बायाबी रेडू फिरवायला लागल्या.” आई काही बोलली नाही, आवाज मात्र तिनं कमी केला नाही.

बांधावर ठेवताना सावली बघावी लागायची. जर्मेनियमला उष्णता सोसत नाही; तापला की आवाज फाटतो, कधी ट्रांझिस्टरच जातो. सिलिकॉनचे आल्यावर ती कटकट कमी झाली.

जुने ऐकणारे म्हणतात, वॉलचा आवाज गोड होता. मी दोन्ही भरपूर ऐकलेत. गोडवा होता, पण त्यातला बराचसा लाकडी पेटीचा आणि मोठ्या स्पीकरचा. वितभर प्लास्टिकच्या डब्यातून तसा आवाज यायचा कुठून? वॉलचा स्वतःचाही गुण होता. ताकदीबाहेर आवाज मागितला तर वॉल हळूहळू दबतो, ट्रांझिस्टर एकदम करकरतो. म्हणून लग्नात लाउडस्पीकरवाल्याचं जुनं वॉलचं मशीन कर्णा फुटेस्तोवर वाजवलं तरी कानाला गोड लागायचं.

दुरुस्तीतही फरक पडला. वॉल खोबणीत बसवलेला असायचा. गेला की उपटायचा, फडक्यात गुंडाळून चाकणच्या बाजाराला न्यायचा, नवा आणून घरीच बसवायचा. ट्रांझिस्टर डाक लावून पक्का केलेला. घरच्या माणसाचा हात तिथं थांबला आणि रेडिओ दुरुस्तीची दुकानं उभी राहिली. मग त्याच डब्यात कॅसेट आली, सगळं एका बारीक चिपमध्ये गेलं आणि ती दुकानंही उठली. पिंपरीचा तो कारखाना २००६ ला बंद झाला. आता शहरातले हौशी लोक वॉलचे अ‍ॅम्प्लिफायर मोठी किंमत देऊन घेतात. त्यांच्या हौसेला नावं ठेवायचं मला कारण नाही.

माझ्यापुरता हिशेब असा. वॉलच्या रेडिओपुढं वीस माणसं बसायची. बाजारभाव ऐकून भांडायची, खताची माहिती ऐकून एकमेकांच्या रानात बघायला जायची. ट्रांझिस्टरनं ती बैठक मोडली. पण त्या वीस माणसांत माझी आई नव्हती. कांद्याच्या वाफ्यात होती.