बी पेरणारा म्हातारा

ट्युलिप म्हटलं की आपल्याला हॉलंड आठवतं. १९८१च्या 'सिलसिला' चित्रपटानं तर ते फुलांचे ताटवे घरोघर पोहोचवले. पण हे फूल मूळचं हॉलंडचं नाही. ते मध्य आशियातल्या डोंगरांचं, तुर्कांनी बागांतून लाडानं वाढवलेलं. तुर्की भाषेत त्याला 'लाले' म्हणतात. फारसी-उर्दू कवितेत तोच शब्द 'लाला' होऊन येतो. मला हे फूल कवितेतून ठाऊक होतं. त्याला हॉलंडमध्ये रुजवणारा माणूस मात्र फार उशिरा भेटला.

त्याचं नाव क्लूसियस. जन्म १५२६चा, आज फ्रान्समध्ये असलेल्या आरास गावचा. कायदा शिकला, वैद्यकीही शिकला. मन रमलं ते झाडांत. १५६४मध्ये तो स्पेन-पोर्तुगालकडे गेला आणि तिथल्या रानफुलांवर त्यानं ग्रंथ लिहिला. याच प्रवासात गोव्यात छापलेलं एक पुस्तक त्याच्या हाती लागलं. आपल्याकडच्या औषधी वनस्पतींवरचं, गार्सिया द ओर्ताचं. १५६७मध्ये क्लूसियसनं ते संक्षेपानं लॅटिनमध्ये आणलं आणि गोव्याची झाडं युरोपभर वाचली गेली.

१५७३मध्ये सम्राट दुसऱ्या मॅक्सिमिलियननं त्याला व्हिएन्नाला बोलावलं. तुर्की दरबारात वकील म्हणून राहिलेल्या बुस्बेकनं त्याला ट्युलिपचं बी दिलं. सम्राट वारला, नवा राजा आला आणि प्रॉटेस्टंट क्लूसियसची नोकरी गेली. अखेर १५९३मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, अधू पायानं तो हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठात पोहोचला. सोबत बिया नि कंद होतेच. तिथल्या बागेत त्यानं ते लावले.

आता यातली खरी गंमत. ट्युलिपचा कंद लावला की वसंतात फूल येतं, अगदी आईसारखं. बी पेरलं तर पाच-सात वर्षं वाट पाहावी लागते आणि रंग कोणता निघेल ते सांगता येत नाही. नव्या रंगांची वाट बियांतून जाते. आयुष्यभर बिऱ्हाड पाठीवर घेतलेल्या या माणसाला तेवढा धीर होता. तो मित्रांना बी-कंद वाटत असे. चोरांनी त्याच्या वाफ्यांवर हातही मारला. १६०९मध्ये तो गेला. पुढे याच कंदांवर सट्टा खेळला गेला आणि १६३७मध्ये तो बाजार कोसळला. पण फूल राहिलं, आणि हॉलंडचंच झालं.

मराठीत कविता लिहितो म्हटल्यावर मला अजून कुणी कुणी विचारतं, "तुम्ही मूळचे कुठले?" मी रागावत नाही. एवढंच म्हणतो, मिरचीसुद्धा पोर्तुगिजांच्या गलबतातून आली. मूळ विचारत बसलो, तर ताटातला ठेचा आधी उचलावा लागेल.