जागा नसल्याचा निरोप

कंधारात कॉम्प्युटर सायन्स करणाऱ्या पोरांच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टात टॉमकॅट हा जावावर चालणारा सर्व्हर पुष्कळदा असतो. मशीन नांदेडहून आणलेलं सेकंडहँड, रॅम चार जीबी, वर विंडोज ३२ बिटचं. सीनियरकडून मिळालेल्या फाईलमध्ये जावाला दोन जीबी द्यायचे असं लिहिलेलं असतं. काळी खिडकी उघडते आणि सांगते, ‘कुड नॉट रिझर्व्ह इनफ स्पेस फॉर ऑब्जेक्ट हीप’. ‘काहून चालू होईना रे हे?’ म्हणत पोरगं दोनाचे तीन करतं. करायचा असतो एक.

हा निरोप तसा खानदानी आहे. त्याचं आपल्याकडचं एक जुनं घर मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सापडतं. आर. नरसिंहन यांच्या चमूने तिथे बांधलेला संगणक १९६० साली कामाला लागला आणि १९६२ मध्ये नेहरूंनी त्याचं नाव ‘टिफ्रॅक’ ठेवलं. त्याची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची, म्हणजे ‘कोअर’ची, होती. तारांच्या जाळीत ओवलेलं एक कडं म्हणजे एक बिट. कडं वाचलं की त्यातलं पुसलं जाई, म्हणून प्रत्येक वेळी वाचून झाल्यावर तेच पुन्हा लिहावं लागे. चाळीस बिटांचे २०४८ शब्द, एवढाच सगळा ऐवज. आजच्या हिशेबाने दहा केबी. मोबाईलवरच्या ‘शुभ सकाळ’च्या फोटोलाही तो पुरायचा नाही. अशा यंत्रावर काम करणाऱ्याला आपलं गणित बसतं की नाही हे आधी कागदावरच मोजावं लागे. न बसलं तर तुकडे करायचे आणि एकेक आत घ्यायचा. ती कडी कधीच मोडीत निघाली, पण सर्व्हर कोसळल्यावर स्मृतीची जी नक्कल डिस्कवर पडते तिला अजून ‘कोअर डंप’ म्हणतात.

कागदावरच्या या मोजणीतून सुटका केली मँचेस्टरच्या ‘ॲटलास’ या संगणकाने, १९६२ सालीच. त्याच्याकडे कड्यांची स्मृती सोळा हजार शब्दांची आणि फिरत्या ड्रमवर शहाण्णव हजारांची होती. दोन्ही मिळून एकच स्मृती आहे असा आभास त्याने उभा केला. ५१२ शब्दांचं एकेक पान लागेल तसं ड्रमवरून आत यायचं. कल्पना अफाट होती, आणि आजही प्रत्येक लॅपटॉप तिच्यावर चालतो. पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा खऱ्या जागेशी संबंध सुटला तो इथेच.

पुढच्या पिढ्यांनी हा आभास आणखी ताणला. लिनक्स तर मागेल त्याला जागा कबूल करून टाकतो, कारण मागणारे सगळेच मागितलेलं वापरत नाहीत हे त्याला ठाऊक असतं. पत्रिका हजार वाटायच्या आणि स्वयंपाक सातशेंचा करायचा, असा हा व्यवहार. एरवी निभतो. ज्या दिवशी हजारही पाहुणे येतात त्या दिवशी कर्नेलमधला ‘ओओएम किलर’ जागा होतो, प्रत्येक प्रोसेसला गुण देतो आणि सर्वाधिक गुणवाल्याला ठार करतो. जास्त मेमरी खाणाऱ्याला जास्त गुण, म्हणून बळी बहुधा डेटाबेस किंवा जावाच जाते, म्हणजे ज्याच्यासाठी सर्व्हर उभा केला तेच. मला ही रीत कधीच पटलेली नाही.

जावाची चाल जुन्या वळणाची. ऑब्जेक्ट ठेवायचा ढीग, म्हणजे हीप, केवढा वाढू शकेल ते ती सुरुवातीलाच ठरवते आणि तेवढा सलग पत्ता-प्रदेश राखून घेते. नको झालेलं स्वतः झाडून काढण्याची युक्ती जॉन मॅकार्थी यांच्या लिस्पमधून, १९६० च्या सुमारास आलेली. जावाने ती घराघरात पोचवली. आता ३२ बिटच्या विंडोजमध्ये एका प्रोसेसच्या वाट्याला साधारणपणे दोन जीबीचे पत्ते येतात. त्यातही मध्ये मध्ये डीएलएल फाईली बसलेल्या, त्यामुळे दीड जीबीच्या आसपासच सलग पट्टा मिळतो. रॅम चार जीबी असो की आठ, फरक पडत नाही. म्हणजे पोराच्या मशीनवर अडते ती रॅम नव्हे, पत्ते. उपाय दोनच: हीपची कमाल मर्यादा सांगणारा ‘एक्सएमएक्स’चा आकडा १०२४ एमबीवर आणायचा, नाहीतर ६४ बिटचं विंडोज आणि ६४ बिटची जावा टाकायची. रॅमची नवी पट्टी विकत आणणं हा सगळ्यात महाग आणि सगळ्यात निरुपयोगी उपाय.

तरी सुरू होतानाच नकार देणारी चूक मला बरी वाटते. दुपारी बारा वाजता, अर्ज भरायला रांग लागलेली असताना सर्व्हर गुपचूप मरण्यापेक्षा सकाळीच ‘नाही’ म्हणालेला परवडला.

घराण्यातली सगळ्यात धाकटी पाती कंटेनरची, म्हणजे मेमरीची मर्यादा आखून प्रोग्रॅम ज्यात चालवतात त्या बंदिस्त डब्याची. तिथे संदेशही नसतो, फक्त १३७ हा आकडा मागे उरतो: १२८ मध्ये ‘किल’ सिग्नलचे ९. सक्तीने मारलं एवढंच तो सांगतो. कंटेनरला एक जीबी आणि जावाच्या हीपलाही एक जीबी दिला असेल, तर कारण फार शोधावं लागत नाही. हीपबाहेर थ्रेडचे स्टॅक असतात, मेटास्पेस असतो, कंपाईल झालेला कोड असतो. त्यांना जागा हवी म्हणून हीपला सहाशे-सातशे एमबी द्यायचे आणि बाकीचं मोकळं सोडायचं.