सुईनं गेलेला पाय

“ताप गावातल्या सगळ्याच पोरांना यायचा. माझ्या पोरीचा पाय सुईनं गेला,” असं आजी शेवटपर्यंत सांगत राहिली. पानशेतचं धरण फुटलं त्याच्या पुढच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमचं गाव पाटण तालुक्यातलं, कोयनेकाठचं. आत्या जेमतेम दोन वर्षांची. ताप उतरेना म्हणून सुई टोचून आणली, आणि एक-दोन दिवसांत पोर उभीच राहीना. गाव म्हणालं, पायावरून वारं गेलं. पुढे शिकल्या-सवरलेल्यांनी आजीला समजावलं, की तो पोलिओ, सुईचा काही संबंध नाही. ती गप्प बसायची. पटायचं मात्र नाही.

आजीच्या म्हणण्यात तथ्य होतं. पोलिओचा विषाणू आधीच अंगात असताना स्नायूत इंजेक्शन दिलं, तर त्याच हातापायाला लकवा होण्याचा धोका वाढतो. १९५० च्या सुमारास इंग्लंड-ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी हे नोंदवून ठेवलं होतं. लागण झालेल्या साधारण २०० जणांतल्या एकालाच कायमचा लकवा होतो. बाकीच्यांना नुसता ताप येऊन जातो, कित्येकांना तोही नाही. आईनं डोळ्यांनी पाहिलेलं अडाणीपणात जमा झालं, आणि तिचं खरं असू शकतं हे तिला कुणीच सांगितलं नाही, याचा मला आजही राग येतो.

मग तेल झालं, पारव्याच्या रक्ताची मालिश झाली. चुलत आजोबा परळला गिरणीत होते, त्यांनी मुंबईला नेलं. हाजी अलीला १९५५ साली केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था सुरू झाली होती. तिथं लोखंडी पट्ट्यांचा, चामड्याच्या बंदांचा कॅलिपर मिळाला. पण मूल वाढतं, कॅलिपर वाढत नाही. दर खेपेला मुंबई परवडणार कशी? आत्या मांडीवर हात दाबून चालायला शिकली. तिच्या प्रत्येक परकराची तेवढीच जागा आधी विरायची, आजी तिथं आतून ठिगळ लावायची.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा आत्या सात वर्षांची. घरातले सगळे अंगणात धावले. आजोबा तिला आणायला माघारी वळले, तर ती रांगत उंबऱ्याशी पोचलेली. ही गोष्ट आमच्या घरात इतक्या कौतुकानं सांगतात, की लहानपणी मला ती शौर्यकथाच वाटायची. आज ऐकताना दुसरंच दिसतं. थांबलीस तर कुणी न्यायला येईलच असं नाही, हे तिच्या अंगात त्या पहाटे पक्कं बसलं असणार. पुढे ती बालवाडी चालवत होती, रोज चढण चढून जायची. बसलेली मी तिला क्वचितच पाहिली.

पंचेचाळिशीत चांगला पाय थकू लागला. जिना चढताना मध्येच बळ जाई, संध्याकाळी बोलायचंही त्राण नसे. एका दवाखान्यात वय झालं म्हणाले, दुसरीकडे आणखी व्यायाम करा. हा पोलिओचाच उत्तरार्ध होता. पोलिओ मज्जारज्जूतल्या स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मारतो. वाचलेल्या पेशी नवे फाटे फोडून मेलेल्यांच्या वाट्याचे स्नायूतंतूही सांभाळतात, म्हणून तर माणूस पुन्हा चालू लागतो. पण दुप्पट-तिप्पट ओझं वाहणाऱ्या त्या पेशी काही दशकांनी थकतात. चांगला वाटणारा पायही त्यातून सुटलेला असतोच असं नाही. तो थकवा पूर्ण बरा करणारं औषध नाही. काम वाटून घ्यायचं, दमायच्या आत बसायचं, व्यायाम बेतानंच करायचा. जिला जन्मभर ‘थांबू नकोस’ म्हटलं, तिला आता थांब म्हणायचं. आत्या त्यावर दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

नैसर्गिक विषाणूची लागण झालेला देशातला शेवटचा पोलिओरुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला. २०१४ च्या मार्चमध्ये आपण पोलिओमुक्त ठरलो. ते यश मोठंच आहे, दारोदार फिरून थेंब पाजणाऱ्या बायकांचं आहे. पण पोलिओ झालेली माणसं काही त्या दिवशी संपली नाहीत. आज साठी-सत्तरीतल्या त्या माणसांना तपासणाऱ्या कित्येक तरुण डॉक्टरांनी पोलिओचा नवा रुग्ण कधी पाहिलेलाच नाही. त्यामुळे आत्या तपासून घ्यायला गेली की आधी आपली हकिगत सांगते, आणि ती सुईपासून सुरू करते. आसपासच्या गावांतले, तसेच मांडीवर हात देऊन चालणारे कुणी भेटले की त्यांनाही सोबत नेते.